आग नसलेली चूल

घर फुटलं की मराठीत कुणी ‘भिंती वेगळ्या झाल्या’ म्हणत नाही, ‘चूल वेगळी झाली’ म्हणतात. जनगणनेच्या कागदावरसुद्धा कुटुंब म्हणजे एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसं. सातबारा कुणाच्या नावावर, दुकान कुणाच्या नावावर, ते नंतरचं. घर मोजायचं ते चुलीवरून. आणि तरीही त्या चुलीत काय जाळायचं, लाकूड, कोळसा, रॉकेल की गॅस, हे चुलीपुढे बसणारीला कुणी फारसं विचारलेलं दिसत नाही. जे मिळेल ते तिनं पेटवायचं आणि त्याचा धूर तिनंच गिळायचा.

आता आमच्या सिल्वासात इंडक्शनची चर्चा सुरू आहे. मंदिरातून बाहेर पडताना, भिशीच्या दिवशी, पाठशाळेत मुलांना सोडायला आल्यावर बायका एकमेकींना विचारतात, ‘कोणता घ्यावा? दोन शेगड्यांचा की एक? गॅस काढून टाकायचा का?’ दुकानदार कंपनीचं नाव सांगतो आणि सूट सांगतो. मला वाटतं, त्या काचेच्या पाटाकडे बघण्याआधी थोडं मागे वळून बघावं. आपण इथवर कुठल्या कुठल्या विस्तवांवरून आलो ते कळलं, की काय विचारायचं हेही कळतं.

नगर हवेली हा मूळचा जंगलाचा मुलूख. मराठ्यांच्या आरमाराने पोर्तुगीजांच्या एका जहाजाचं नुकसान केलं होतं, त्याच्या भरपाईत १७८३ मध्ये हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला, आणि दोन वर्षांनी दादराही. पुढची पावणेदोनशे वर्षं इथल्या सागाला भाव होता. सरपण गोळा करणाऱ्या वारली, कोकणा, धोडिया बाईला मात्र नव्हता. तीन दगड किंवा मातीची चूल, वरून गोल बुडाचं भांडं, हातात फुंकणी. डोक्यावर मोळी घेऊन चालणारी बाई आजही खानवेलच्या वाटेवर दिसते. आपण गाडीच्या काचेतून तिचा फोटो काढतो.

या धुराचं मोजमाप फार उशिरा झालं. कर्क स्मिथ नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने आपल्या भारतीय सहकाऱ्यांसह गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर हवा मोजायची उपकरणं लावली. १९८३ साली ते निष्कर्ष छापून आले, तेव्हा जगाला कळलं की सगळ्यात विषारी हवा गिरणीच्या चिमणीखाली नाही, स्वयंपाकघरात आहे. ‘प्रदूषण’ म्हटलं की तोवर सगळे शहराकडे बोट दाखवत होते. त्याच सुमारास सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. पुष्कळ गावांत त्या चुली बांधल्या गेल्या, काही वर्षांत फुटल्या आणि पुन्हा तीन दगड आले. ज्या बाईचं भांडं त्या चुलीच्या तोंडात नीट बसत नव्हतं, तिला आधी कुणी विचारलं नव्हतं, हे त्याचं एक साधं कारण.

शहरातल्या बाईकडे शेगडी होती. कोळशाची शेगडी म्हणजे त्या काळची स्वच्छ वस्तू, चाळीत धूर कमी. पण तो कोळसा यायचा कुठून? ठाणे, कुलाबा जिल्ह्यांच्या जंगलांतून, आणि तो पाडायचे कातकरी. कात काढणारे म्हणून कातकरी, आपल्याकडे काथोडी. जंगल कायद्यांनी कात काढणं आवळलं तशी ही माणसं ठेकेदार-सावकारांच्या कोळसाभट्ट्यांवर गेली. उचल घ्यायची, कुटुंबासकट जंगलात राहायचं, भट्टी लावायची, हंगाम संपला तरी उचल फिटायची नाही. मुंबईच्या ओट्यावर जी शेगडी लाल व्हायची तिच्यामागे हा हिशेब होता. ती शेगडी फुलवणाऱ्या आपल्या आज्यांना तो ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. कोळसा पोत्यातून यायचा, भट्टी दिसायची नाही. ही न दिसणारी भट्टी लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे.

मग स्टोव्ह. दाबाने रॉकेल फवारून जाळायचा स्टोव्ह स्वीडनमध्ये १८९२ च्या सुमाराला निघाला, त्याचं नाव प्राइमस. आपल्या आयांच्या पिढीला त्याचा फर्रर्र आवाज पाठ आहे. पंप मारा, पिन मारा, काकडा लावा. शिवाय वातीचा स्टोव्ह होता, आवाज नाही पण भांड्याच्या बुडाला काजळी. दोन्हीला रॉकेल हवं, आणि रॉकेलला रांग. १९७२ च्या दुष्काळात आणि महागाईत मुंबईच्या बायकांनी महागाई प्रतिकार समिती काढली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर पुढे होत्या. हातात थाळ्या-लाटणी घेऊन हजारो गृहिणी रस्त्यावर आल्या. धान्य, तेल, साखर आणि रॉकेल अशी मागणी होती. ‘चूल आणि मूल’ म्हणून ज्यांना घरात बसवलं, त्यांनी चुलीचाच प्रश्न मंत्रालयाच्या दारात नेऊन ठेवला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत उजेडाची जागा.

आणि सर्वांत काळी जागाही स्टोव्हचीच. सत्तर-ऐंशीच्या दशकांत वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक ठरलेली बातमी असायची, ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’. स्टोव्ह नेमका सुनेच्याच अंगावर कसा भडकतो, सासू, नणंद, नवरा यांच्या अंगावर का नाही, हे विचारायला स्त्री संघटनांनी सुरुवात केली. त्यातून १९८३ मध्ये दंडविधानात ४९८-अ आणि १९८६ मध्ये हुंडाबळीचं ३०४-ब ही कलमं आली. आपल्या समाजात असं होत नाही, असं म्हणायची एक पद्धत आहे. मी ते वाक्य बोलत नाही. स्टोव्ह घरातून गेला हे बरंच झालं, पण लाज गेली पाहिजे ती स्टोव्हबरोबर जात नाही.

गॅसकडे येऊ. २ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातून सुटलं. बाहेरून आलेल्या स्वयंसेवकांत सुधीर फडके होते, तरुण बाबासाहेब पुरंदरे होते, हे मराठी माणूस अभिमानाने सांगतो, सांगावंच. पुढची सात वर्षं हा चिमुकला प्रदेश वरिष्ठ पंचायतीने चालवला आणि ११ ऑगस्ट १९६१ ला भारतात सामील झाला. इथे मुक्तीचा गुलाल उधळला त्याच्या पुढच्याच वर्षी, १९५५ मध्ये, बर्मा शेल कंपनीने मुंबईत घरगुती गॅस आणला. त्याचं नाव बर्शेन. कंपनी १९७६ मध्ये सरकारने घेतली, पुढे तिचं भारत पेट्रोलियम झालं. गॅसवर शिजवलेल्या अन्नाने पोटात गॅस होतो, असं तेव्हा लोक खरोखर मानत. वयस्कर मंडळी गॅसच्या पोळीला हात लावत नसत. मग तीच मंडळी नंबर लावून वर्षानुवर्षं गॅसची वाट पाहू लागली. खासदारांच्या वाट्याला गॅसची कुपनं असायची. एका शेगडीसाठी ओळख काढावी लागे, अशी ती गंमत.

गॅसच्या इतिहासात एक तारीख मात्र बायकांनी लक्षात ठेवावी अशी आहे. १ मे २०१६ ला उत्तर प्रदेशातल्या बलियात उज्ज्वला योजना सुरू झाली, तिचं कनेक्शन घरातल्या बाईच्याच नावावर द्यायचं ठरलं. सिलिंडर पुन्हा भरायला पैसे आहेत का, हा प्रश्न उरलाच, आणि पुष्कळ घरांत चूल विझली नाही. पण कागदावर नाव आलं. (तुमच्या घरचं लाइट बिल कुणाच्या नावावर येतं, बघा एकदा. इंडक्शन घेतल्यावर चुलीचं बिल तेच होणार आहे.)

आता इंडक्शन. त्याची मुळं गॅसपेक्षा जुनी. १८३१ मध्ये मायकेल फॅराडेने दाखवलं की बदलत्या चुंबकत्वाने शेजारच्या तारेत वीज निर्माण होते. पुढे फ्रेंच शास्त्रज्ञ फूको याने दाखवलं की धातूच्या पत्र्यातही अशी वीज भोवऱ्यासारखी फिरते आणि पत्रा तापतो. हेच ते तत्त्व. काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, त्यातला प्रवाह सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा दिशा बदलतो आणि वर ठेवलेल्या लोखंडी बुडात भोवरे उठतात. काच तापत नाही, भांडं तापतं. काच गरम लागते ती भांड्याच्या उष्णतेने. अमेरिकेत वेस्टिंगहाउस कंपनीने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला घरगुती इंडक्शन लोकांसमोर आणलं, पण ते श्रीमंतांचं खेळणं होतं. आपल्याकडे त्याला घराघरांत ढकललं ते एका सरकारी निर्णयाने. सप्टेंबर २०१२ मध्ये अनुदानित सिलिंडर वर्षाला सहाच मिळतील असं जाहीर झालं. सहा सिलिंडर म्हणजे दोन महिन्यांना एक! पाच-सहा माणसांच्या घरात हे कसं बसवायचं? दुकानांतून इंडक्शन भराभर उचलले गेले. जानेवारी २०१३ मध्ये सहाचे नऊ झाले, वर्षभराने बारा, आणि पुष्कळ इंडक्शन माळ्यावर गेले. चहापुरते उरले. म्हणजे पुन्हा तेच, निवड बाईची नव्हती, टंचाईची होती. या वेळी टंचाई नाही. म्हणून या वेळी नीट निवडावं.

आपल्या घरात यात आणखी एक प्रश्न येतो, तो टाळून चालणार नाही. चूल, जातं, उखळ, पाण्याचा माठ, केरसुणी या गृहस्थाघरच्या पाच जागांना ‘सूना’ म्हटलेलं आहे. सूना म्हणजे वधस्थान. जेवण करायचं तर या जागांवर जीव जाणार, म्हणून जपायचं. चुलीवर चंदरवा बांधायचा, वरून पाल-कोळी पडू नये. पेटवण्याआधी पुंजणीने झाडून घ्यायचं, लाकडाच्या भेगेत मुंगी आहे का बघायचं. शिवाय अग्नी हाच एकेंद्रिय जीव, अग्निकाय, ही आपली समजूत. मग ज्वाळाच नसलेल्या या चुलीत अग्निकाय आहे का? वीज सचित्त की अचित्त, यावर मुनिवर्गात एकमत नाही. तेरापंथातले मुनी महेंद्रकुमार यांनी ती अचित्त असल्याचं मांडलं, इतरांनी ते खोडून काढलं, दोन्ही बाजूंनी पुस्तकं झाली. तो निवाडा करायचा माझा अधिकार नाही. चौका लावायचा असेल तर त्या त्या संघाची रीत विचारावी आणि तशी चूल मांडावी. रोजच्या घराबद्दल मात्र मला बोलता येतं.

रोजच्या घरात मला ती जुनी कोळशाची भट्टी आठवते. इंडक्शनला धूर नाही, म्हणजे आमच्या स्वयंपाकघरात नाही. सिल्वासाची वीज सिल्वासात होत नाही. ती येते मध्य प्रदेशातल्या विंध्याचलहून, छत्तीसगडमधल्या कोरब्याहून, जिथे डोंगराएवढा कोळसा जळतो; काही तारापूर-काक्रापारच्या अणुभट्ट्यांतून. इथली बहुतेक वीज धागा, प्लास्टिक, धातूचे कारखाने घेतात, आपल्या ओट्यांचा वाटा त्यात चिमूटभर. पण आपण ‘निर्दोष चूल’ म्हणून मिरवू नये. धूर उंच चिमणीतून दुसऱ्याच्या आकाशात जातो. एवढं खरं, की स्वयंपाक करणारीच्या नाकातोंडात तो जात नाही, आणि विजेत सूर्य-वाऱ्याचा वाटा वाढवता येतो, तसा गॅसमध्ये येत नाही. छतावर सोलर बसवलेल्या घरात तर दुपारचा स्वयंपाक उन्हावरच झाला म्हणायचा.

आता बाजारात जाऊ. पिशवीत फ्रिजवरचं चुंबक टाकून निघायचं. किंवा आधी घरातच ते प्रत्येक भांड्याच्या बुडाला लावायचं. चिकटलं तर चालेल, नाही तर नाही. अॅल्युमिनियमचा जुना कुकर, पितळी पातेलं, तांब्याचा हंडा, ही सगळी बाद. स्टीलचंही सगळं चालत नाही. ज्या स्टीलला चुंबक धरत नाही ते तापणार नाही. बिडाचा तवा उत्तम चालतो, पण बूड सपाट हवं. गोल बुडाच्या कढईला इथे जागा नाही. म्हणजे इंडक्शनची किंमत ही त्याच्या खोक्यावरची किंमत नव्हे. कुकर, कढई, एक-दोन पातेली धरूनच हिशेब करावा. सासूबाईंची पितळी पातेली मोडीत घालू नका, गॅसवर राहू द्या.

पैशाचा हिशेब कागदावर असा पडतो. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस. त्यातली उष्णता विजेच्या भाषेत साधारण १८० युनिट. शेगडीवर त्यातली जेमतेम साठ टक्के भांड्यात जाते, बाकीची ओट्यावर आणि आपल्या तोंडावर. इंडक्शनवर पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास भांड्यात जाते. म्हणजे एका सिलिंडरचं काम सुमारे सव्वाशे युनिटमध्ये होतं. तुमच्या बिलावरच्या युनिटच्या दराला सव्वाशेने गुणा आणि सिलिंडरच्या किमतीशेजारी ठेवा. एक लक्षात ठेवायचं, दर टप्प्यांनी चढतो, तेव्हा वाढीव युनिट ज्या टप्प्यात पडतील तो दर घ्यायचा. इकडे १ एप्रिल २०२२ पासून वीज वितरण खाजगी भागीदारीत गेलं, तेव्हापासून बिल वाचायची सवय बायकांनीही लावून घ्यावी.

वायरिंगचं दुकानदार सांगत नाही. दोन हजार वॅटचा इंडक्शन नऊ अँपिअरच्या आसपास ओढतो. मिक्सरच्या लहान प्लगवर तो लावायचा नाही, सोळा अँपिअरचा मोठा पॉइंट हवा, अर्थिंगसकट, आणि मल्टिप्लग तर नाहीच. ओट्यात बसवायचा दोन जागांचा हॉब घेणार असाल तर त्याला वेगळी जाड वायर आणि वेगळा एमसीबी लागतो. वायरमनला आधी बोलवा, वस्तू नंतर आणा. आयएसआयचा शिक्का बघा. पावसाळ्यात आपल्याकडे वीज ये-जा करते, त्या झटक्याने आतलं सर्किट उडू शकतं, म्हणून काम झालं की भिंतीवरचं बटण बंद करायचं. मात्र लगेच नाही, आतला पंखा थांबल्यावर. घरात कुणाला पेसमेकर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

त्या पंख्याबद्दल आपल्या बायकांनी जास्त बघावं. यंत्राच्या खालून तो हवा ओढतो, आणि ऊब मिळते म्हणून झुरळं, मुंग्या नेमक्या त्या जाळीतून आत शिरतात. चुलीला पुंजणी लावता यायची, इथे आत हात जात नाही. तेव्हा खालची जाळी बारीक आहे का, यंत्राचे पाय उंच आहेत का, खालून पुसता येतं का, हे दुकानात उलटं करून बघायचं. दुकानदार हसला तर हसू दे. रात्री ओट्यावर खरकटं राहू न देणं हाच खरा चंदरवा.

आणि मंद आच! खाखरा करणारीला हे सांगायला नको. स्वस्त इंडक्शन कमी आकड्यावर सलग मंद तापत नाही, जोरात तापतो, थांबतो, पुन्हा जोरात तापतो. दूध उकळायला हे चालतं, खाखऱ्याला नाही, मधे काळा ठिपका पडतो. दुकानात पाण्याचं भांडं ठेवून सगळ्यात खालचा आकडा लावून बघा. बुडबुडे एकसारखे येतात की येतात आणि थांबतात, दोन मिनिटांत कळतं. जाड बुडाचा तवा हा दोष पुष्कळ झाकतो. फुलका मात्र ज्वाळेवर फुगतो तसा इथे फुगणार नाही. तव्यावरच फडक्याने दाबून फुगवायची सवय करावी लागते. पापड भाजायला गॅस लागेलच.

उलट दोन कामांत याला तोड नाही. एक, उकळलेलं पाणी. पाच लिटर पाणी पंधरा-सोळा मिनिटांत उकळतं, अर्धा युनिट जातं, टायमर लावला की समोर उभं राहावं लागत नाही. पाणी उकळताना स्वयंपाकघर तापत नाही, मे महिन्यात त्याचं मोल कळतं. दुसरं, संध्याकाळ. चौविहार पाळणाऱ्या घरात सगळा स्वयंपाक आणि जेवण सूर्यास्ताआधी आवरायचं. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला जातो, आणि कारखान्यातून, कॉलेजातून माणसं घरी येतात साडेपाचला. त्या अर्ध्या तासात घरातल्या बाईची जी धावपळ होते ती कुठल्याही पुस्तकात लिहिलेली नाही. एका बाजूला इंडक्शनवर डाळ-भाताचा कुकर, दुसऱ्या बाजूला गॅसवर फुलके, असं दोन्ही ठेवलं तर तीही सूर्यास्ताआधी ताटावर बसू शकते. म्हणून मला विचाराल तर आत्ता चार-पाच माणसांच्या घराने गॅस ठेवावा, शेजारी एक जागेचा, बटणांचा, चांगल्या बांधणीचा इंडक्शन घ्यावा, सहा महिने वापरावा, दोन्ही बिलं जपून ठेवावीत आणि मग ओटा फोडून हॉब बसवायचा की नाही ते ठरवावं. बटणांचा एवढ्यासाठी, की नुसत्या स्पर्शावर चालणाऱ्या काचेला पिठाचा, ओला हात कळत नाही, आणि ज्या सासूबाईंना डोळ्यांनी कमी दिसतं त्यांना बोटाला बटण लागलेलं बरं असतं. खरेदीला जाताना त्यांनाही बरोबर न्या.